चिलीची सरोवरे आणि दोन रात्रींचे गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण अमेरिकेच्या सहलींच्या जाहिराती हल्ली मराठी वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात. त्यांत चिलीतला सरोवरांचा प्रदेश बहुधा सान्तियागो आणि पाटागोनिया यांच्या मधे दोन रात्रींपुरता कोंबलेला असतो. पुएर्तो वारासला मुक्काम, ओसोर्नो ज्वालामुखीसमोर फोटो, पेत्रोवेचा धबधबा, की लगेच विमानतळ. ही आखणी तिथल्या आभाळाला न विचारता केलेली आहे.

याच प्रदेशातल्या पुएर्तो माँत शहराच्या परिसरात वर्षाला साधारण 1,700 मिलिमीटर पाऊस होतो. कोकणाच्या मानाने हा आकडा किरकोळ, पण कोकणातला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि तिथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. भर उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीतही, ढग दोन-तीन दिवस ठाण मांडतात. मग 2,652 मीटर उंचीचा, कळसूबाईपेक्षा हजार मीटरने उंच असलेला ओसोर्नो समोर असूनही दिसत नाही. किमान पाच-सहा रात्री हाताशी ठेवाव्यात आणि त्यांतला एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा.

आपल्या सुट्ट्याही इथे आड येतात. दिवाळीत तिथे वसंत असतो, पण उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली राहू शकतात. मे महिन्यात हिवाळा तोंडावर आलेला असतो आणि संध्याकाळी लवकर अंधारते. नाताळात रात्री नऊपर्यंत उजेड मिळतो. मात्र डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर कोलिग्वाचो नावाच्या थोराड गोमाश्या पाठ सोडत नाहीत. त्या गडद रंगाकडे धावतात, म्हणून काळी-निळी जाकिटे बॅगेत ठेवून फिकट कपडे घालावेत. फेब्रुवारीत चिलीचे लोक स्वतःच सुट्टीवर असतात, त्यामुळे खोल्या महाग आणि पायवाटांवर गर्दी. रजा मिळत असेल तर मार्च निवडावा.

मुक्काम दोन ठिकाणी करावा. दक्षिणेकडे पुएर्तो वारास सोयीचे, पुएर्तो माँतच्या विमानतळापासून साधारण अर्ध्या तासावर. शेजारचे यांकिवे सरोवर सुमारे 860 चौरस किलोमीटरचे आहे; बृहन्मुंबई त्यात सहज मावेल. काठाकाठाने 45 किलोमीटरवर एन्सेनादा आहे. तिथून एक डांबरी फाटा ओसोर्नोवर सुमारे 1,200 मीटर उंचीपर्यंत चढतो आणि त्यापुढे खुर्च्यांचा रोपवे आहे. वाऱ्याने तो बंद पडतो, दुपारनंतर ढगही भरतात. म्हणून सकाळ स्वच्छ निघाली की त्या दिवसाचा बाकी बेत बाजूला ठेवून आधी वर जावे. दुसरा रस्ता पेत्रोवेकडे जातो, 16 किलोमीटर. धबधबा त्याच्या सहा किलोमीटर अलीकडे लागतो. पाणी ज्या काळ्या कातळातून उसळते तो ओसोर्नोचा थिजलेला लाव्हा. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सहा कोटी वर्षांहून जुना आणि झिजलेला. तिथला त्यापुढे कालपरवाचा. रस्ता जिथे संपतो तिथे तोदोस लोस सान्तोस हे पाचूच्या रंगाचे सरोवर आहे. हा भाग 1926 मध्ये स्थापन झालेल्या विसेन्ते पेरेस रोसालेस राष्ट्रीय उद्यानात येतो. पुएर्तो वारासहून मिनीबस मिळते. उतरतानाच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी.

दुसरा मुक्काम पुकोनला, उत्तरेकडे सव्वातीनशे किलोमीटरवर. इथले आकर्षण सुमारे 2,850 मीटर उंचीचा वियारिका ज्वालामुखी. त्याच्या विवरात लाव्हाचे तळे असते; जगात असे ज्वालामुखी मोजकेच. माथ्यावर जाता येईलच, असे कोणी सांगत असेल तर मात्र सावध व्हावे. 3 मार्च 2015 रोजी त्याचा उद्रेक झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये इशारा नारिंगीवर गेला होता. सर्नाहेओमिन ही तिथली सरकारी भूगर्भ संस्था हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा पायऱ्या जाहीर करते. पिवळा लागला की विवराभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ बंद होते आणि माथा त्यात आपोआप जातो. संस्थेचे संकेतस्थळ निघण्याच्या आदल्या रात्री पाहावे, सहा महिने आधी पाहून उपयोग नाही. खरी भीती लाव्हापेक्षा लाहारची. उष्णतेने बर्फ वितळतो आणि राख, दगडगोटे, झाडे घेऊन चिखलाचा लोंढा दरीतून धावतो. 1964 मध्ये कोन्यारिपे गाव अशाच लोंढ्याने उद्ध्वस्त केले. म्हणून नदीकाठची स्वस्त खोली घेताना रस्त्यावरचे पलायनमार्गाचे फलक बघून ठेवावेत.

माथा खुला असेल तर चढाई साधारण पाच-सहा तासांची. गिर्यारोहणाचे अधिकृत प्रमाणपत्र नसल्यास वाटाड्या सक्तीचा आहे. क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे काटे), बर्फाची कुऱ्हाड, हेल्मेट आणि वायूचा मास्क तोच देतो. बुटाचे माप मात्र आदल्या संध्याकाळी पायात घालून, दोन पावले चालून तपासावे. सैल बुटात क्रॅम्पॉन फिरतो आणि घोटा मुरगळतो. दमा असणाऱ्यांनी विवराकाठी जाऊ नये, तिथला गंधकाचा धूर मास्कलाही पुरता दाद देत नाही. वाऱ्यामुळे निम्म्यातून परतावे लागल्यास पैसे मिळणार का, हे भरण्यापूर्वी विचारावे.

चढाई नको असेल त्यांना पुकोनहून 35 किलोमीटरवरचे वेर्केवे राष्ट्रीय उद्यान पुरेसे आहे. तीन छोट्या तळ्यांची पायवाट जाऊन-येऊन पाच-सहा तास घेते, चढ सुमारे 500 मीटर. वरच्या भागात आराउकारिया या सूचिपर्णी झाडाचे जंगल आहे. हे झाड कायद्याने संरक्षित असून त्याच्या बिया, पिन्योनेस, हे पेवेंचे आदिवासींचे अन्न आहे. उद्यानाचे तिकीट ऑनलाइन काढावे. उद्यानाकडे जाणारा खडीचा रस्ता भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर वेग चाळीसच्या आसपास ठेवावा, वळणावर ब्रेक दाबला की गाडी सरकते. जंगलातली बंद केबिन उघडली की आत जाण्यापूर्वी अर्धा तास दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. रानउंदरांच्या मलमूत्राच्या धुळीतून हंताविषाणूची लागण होते आणि तिथल्या प्रकारावर मान्यताप्राप्त लस नाही.

आता आपल्या फराळाचे. चिलीच्या विमानतळावर साग ही कृषी खात्याची यंत्रणा बॅगा तपासते. फळे, बिया, मध, दुधाचे व प्राणिजन्य पदार्थ यांवर कडक निर्बंध आहेत. तुपातले लाडू, पेढे, अख्खे मसाले, सुकामेवा जे असेल ते जाहीर करावे. जाहीर केल्यास फार तर जप्त होते, लपवल्यास दंड होतो. शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढेच म्हणू नये. कार्ने म्हणजे बहुधा गोमांस समजून ताटात कोंबडी किंवा हॅम येतो. ‘सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे कोंबडी, हॅम, मासे नकोत, हेही सांगावे. सोपाइपिया या भोपळ्याच्या तळलेल्या पुरीच्या पिठात डुकराची चरबी असू शकते.

सरोवरे ओलांडून, बस आणि बोटी बदलत अर्जेंटिनातल्या बारिलोचेला जाता येते. पण त्यासाठी बहुधा वेगळा व्हिसा लागतो आणि चिलीचा एकप्रवेशी असेल तर परत फिरता येत नाही. शिवाय अर्जेंटिना किंवा ब्राझीलमार्गे भारतात परतणाऱ्यांकडे पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. त्यामुळे केंद्राची वेळ विमानाच्या तिकिटाबरोबरच घेऊन ठेवावी.

आपला,
एक वाचक, पुणे