स्लिप हाताने भरण्याचा नियम विनाकारण नाही

महोदय,

लॉटरी आणि संगणक यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. अमेरिकेतील अनेक राज्यांत लॉटरीच्या स्लिपेवरील, म्हणजे आकडे निवडण्याच्या छापील कागदावरील, खुणा खेळणाऱ्याने स्वतः हाताने कराव्या लागतात आणि संगणकाने छापून आणलेली स्लिप नियमात बसत नाही. या नियमाची लेखकाने 'कालबाह्य' म्हणून संभावना केली आहे. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा शेरा पटला नाही.

मुळात लेखात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. 'लागणारे आकडे' सुचवणारे सॉफ्टवेअर ही शुद्ध भूलथाप आहे, कारण मागच्या सोडतीत कोणते चेंडू निघाले याचा पुढच्या सोडतीशी काडीचाही संबंध नसतो. स्लिपा भरून देणाऱ्या सॉफ्टवेअरची ताकद मात्र खरी आहे आणि ती सगळी वेगात आहे.

वीसेक वर्षांपूर्वी ठाण्यात स्टेशनजवळच्या काउंटरवर ४९ पैकी ६ आकड्यांच्या ऑनलाइन लॉटरीची स्लिप मी हौसेने भरत असे. दोरीला बांधलेल्या पेनाची शाई शेजारच्या गोलात फाकली की मशीन स्लिप परत करी आणि मागून कोणीतरी "काका, आटपा" म्हणे. एका स्लिपेला मिनिट तरी जाईच.

हा मिनिटाचा हिशेब अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याला लावून पाहावा. तेथे १९९२ साली ४४ पैकी ६ आकड्यांच्या खेळात एकूण ७०,५९,०५२ जोड्या (सहा आकड्यांचे वेगवेगळे संच) होत्या, तिकीट एका डॉलरचे होते आणि मोठे बक्षीस २ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत गेले होते. एका स्लिपेवर पाच जोड्या धरल्या तरी १४ लाखांवर स्लिपा होतात आणि एका माणसाने रात्रंदिवस बसून त्या भरल्या तरी सुमारे ९८० दिवस लागतात. ऑस्ट्रेलियातील स्टीफन मँडेल यांच्या गटाने सगळ्या स्लिपा संगणकावर आधीच छापून ठेवल्या होत्या. दुकानांत तिकिटे काढायला वेळ अपुरा पडल्याने सुमारे ५० लाख जोड्याच घेता आल्या, तरी बक्षीस त्यांनाच लागले.

मॅसॅच्युसेट्समधील 'कॅश विनफॉल' या खेळाचे उदाहरण याच्या उलट आहे. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या गटाने २०१० मध्ये एका सोडतीसाठी सुमारे ७ लाख तिकिटे घेतली, पण त्यांच्या स्लिपा माणसांनी बसून हाताने भरल्या होत्या. गणिताचा फायदा त्यांनीही उठवलाच. मात्र त्यासाठी बोटे दुखवावी लागली आणि त्यामुळे खरेदीला आपोआप काही मर्यादा राहिली.

टेक्सासात तीही उरली नाही. तेथे ५४ पैकी ६ आकड्यांच्या २,५८,२७,१६५ जोड्या होतात. कित्येक महिने कोणालाच न लागलेले बक्षीस साडेनऊ कोटी डॉलरवर पोहोचले, तेव्हा २२ एप्रिल २०२३ च्या सोडतीसाठी एका गटाने जवळजवळ सगळ्या जोड्या तीन दिवसांच्या आत विकत घेतल्या. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास. पेन आणि कागद दोन्ही बाजूला पडले होते. पडद्यावरचे क्यूआर कोड तिकीट छापणाऱ्या टर्मिनलपुढे धरले जात होते. बक्षीस हप्त्यांऐवजी एकरकमी घेतले की रक्कम कमी होते, तसे मिळालेले ५ कोटी ७८ लाख डॉलर त्या गटाकडे गेले. जी रक्कम फुगली होती ती मात्र पेट्रोल पंपावर एखादे तिकीट घेणाऱ्यांच्या डॉलर-डॉलरने. पुढे बराच गदारोळ झाला आणि २०२५ मध्ये विधिमंडळाने लॉटरी आयोगच बरखास्त करून कारभार दुसऱ्या खात्याकडे सोपवला.

हात थरथरणाऱ्या वृद्धांची अडचण लेखकाने मांडली आहे, ती खरी आहे. परंतु टर्मिनलनेच आकडे निवडून द्यावेत, अशी 'क्विक पिक'ची सोय त्यांच्यासाठी उपलब्ध असते. त्यांच्या नावाखाली घाऊक छपाईला वाट करून देण्याचे कारण नाही.

लेखमालेच्या पुढील भागात लेखकाने वेगाचा हा हिशेबही विचारात घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ठाणे