येझदीच्या कव्हरांसाठी, उद्यमनगरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

वडिलांच्या येझदी मोटरसायकलची इंजिन कव्हरं ब्लास्ट होऊन (काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून साफ होऊन) आली तेव्हा तो दुधाळ रुपेरी रंग बघून मी हरखलो होतो. तो तसाच टिकावा म्हणून घरीच डबीतला क्लिअर स्प्रे, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारला. मग आपला कोल्हापूरचा पाऊस लागला. लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पसरल्या, कार्बोरेटरपाशी पेट्रोल लागून थर सोलला, आणि किक-गिअरच्या लिव्हरवर तांबेरा आला.

तुम्ही एवढंच विचारलंत, "ब्लास्टिंगनंतर कितव्या दिवशी मारलास? हातमोजे होते?" आठवडा झाला होता आणि हात उघडे होते. ब्लास्ट केलेल्या धातूच्या बारीक खळग्यांत घाम आणि ओल बसते, क्लिअर त्यावर फक्त झाकण घालतं, हे मला तेव्हा कळलं.

नंतरचा तो अख्खा दिवस मी विसरणार नाही. जुनं लॅकर काढून, पावडर कोटिंग करायच्या (कोरडी पावडर मारून ती भट्टीत वितळवून थर बसवायच्या) आधी कव्हरं नुसतीच भट्टीत तापवलीत, तर जुन्या कास्टिंगमध्ये मुरलेलं ऑईल डागांनी वर आलं. "हे आत राहिलं असतं तर पावडरला फोड आले असते." पुन्हा ब्लास्टिंग. ऑईलच्या भोकांत काचेचा एकही मणी राहू नये म्हणून किती वेळ हवा मारत होतात! एक मणी बेअरिंगमध्ये गेला तरी इंजिनचं वाटोळं. गॅस्केटच्या कडा आणि आटे झाकून त्याच दिवशी क्लिअर पावडर मारलीत आणि 200 अंशांवर भाजून काढलीत. रंग किंचित गडद झाला, पण मला तो आता जास्त आवडतो.

लिव्हरवर मात्र क्लिअर मारायला तुम्ही साफ नकार दिलात. लोखंडाचा गंज रोखणारं क्लिअरमध्ये काहीच नसतं, त्यात तिथं रोज बूट घासणार. प्लेटिंगच (धातूचा मुलामा) कर, म्हणालात. स्वतःचं काम सोडून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. भट्टीच्या दुसऱ्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत.

पुढचा पूर्ण पावसाळा गाडी बाहेर उभी होती. कव्हरांवर एक रेघ नाही.

लिव्हर प्लेटिंगहून आलाय. रविवारी गाडी घेऊन येतो. पहिली किक तुम्ही मारायची.

आपला,
येझदीवाला