मला गप्प बसवल्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण तुम्ही मला गप्प बसवलंत तेही सगळ्यांदेखतच.

वाचनालयात मुलं एकदा येतात ती पुन्हा फिरकत नाहीत, हा आमचा प्रश्न. त्यावर तीन बैठका झाल्या होत्या. झाल्या म्हणजे मी बोललो आणि बाकीच्या पाच जणांनी माना डोलावल्या. याला मी विचारमंथन म्हणत होतो! तुम्ही आलात आणि प्रत्येकापुढे एक कोरा कागद सरकवलात. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजारच्याकडे द्यायचा, त्याने आधीचं वाचून खाली आणखी तीन लिहायच्या. अशा सहा फेऱ्या, तोंडातून अवाक्षर न काढता. "आधी जरा विषय समजावून सांगतो," असं मी म्हणालो, तर तुम्ही नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलंत.

राग आला होता, खोटं कशाला बोलू.

ही बेर्न्ड रोरबाख यांची १९६८ सालची ६-३-५ पद्धत (सहा जण, तीन कल्पना, पाच मिनिटं), हे तुम्ही नंतर सांगितलंत. हिशेबाने अर्ध्या तासात १०८ कल्पना व्हायला हव्यात. आमच्या कुठल्या व्हायला! चौथ्या फेरीपासून रकाने रिकामे राहू लागले आणि 'रंगीत खुर्च्या' तर चार कागदांवर निघाल्या. पण एरवी बैठकीत ज्यांचा आवाजही ऐकू येत नाही, त्यांनी लिहिलं होतं, 'पुस्तकं मुलांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'कणा नको, मुखपृष्ठ दिसू दे.' त्याखाली तिसऱ्या, 'मांडणी मुलांनाच करू दे.' यातलं एकही अक्षर माझं नव्हतं.

त्या रात्री मी शोधून वाचलं. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे हेच विचारमंथन, रूढ करणारे ॲलेक्स ऑस्बॉर्न जाहिरात क्षेत्रातले. आधी भरपूर सुचवा, चिरफाड नंतर, हा त्यांचा नियम. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या मिळून कल्पना जास्त भरल्या. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये त्याचं मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत अडकून पडतात. आमच्याकडचा तो 'एकच जण' कोण, हे सांगायला नको.

उलटा प्रश्न मात्र तुम्ही मोठ्याने विचारलात: मुलांनी इथे पाऊलच ठेवू नये म्हणून काय करता येईल? काय हसलो आम्ही! सारखं 'शू' करा, चांगली पुस्तकं कुलपात ठेवा, पान दुमडलं की दंड लावा. यादी फळ्यावर चढली आणि हळूहळू हसू ओसरलं. निम्म्या गोष्टी आम्ही आधीपासूनच करत होतो. कुलपाची किल्ली तर माझ्याच खिशात होती.

तुमच्या सगळ्याच युक्त्या मला पटल्या असं नाही. सहा रंगांच्या टोप्यांचा खेळ, म्हणजे टोपीच्या रंगाप्रमाणे ठरावीक पद्धतीनेच विचार करायचा, तो आम्हाला जमला नाही. कुणाची कुठली टोपी यातच वेळ गेला.

खालचा कप्पा रिकामा केलाय. कुलूप काढलंय. पुढच्या बैठकीला वेळ काढून याल का? घड्याळ या वेळी मीच लावणार आहे.

आपला आभारी,
वाचनालय समितीतला बडबड्या