वर्गणी जिनिव्हाची, लेखाशीर्ष ठाण्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडल्यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जी पत्रे आली, त्यांत दोनच सूर ऐकू आले. एक सूर काळजीचा, की आता गरीब देशांच्या आरोग्याचे कसे होणार. दुसरा ठसक्याचा, की असल्या संघटनेवाचून आपले काय अडले आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे कुणीतरी देणारा आणि कुणीतरी घेणारा, हे मात्र दोन्ही बाजूंनी न बोलता धरून चाललेले आहे. लसीकरणात किंवा साथीच्या काळात ते काही अंशी खरे असेल. पण लोक मुळात आजारी पडू नयेत म्हणून जी धोरणे आखली जातात, ज्यांना आपण आरोग्य संवर्धन म्हणतो, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. माझी सारी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात गेली, तेव्हा या विषयाकडे मी जमाखर्चाच्याच नजरेने पाहणार, हे आधी सांगून ठेवतो.

जिनिव्हात मुख्यालय असलेल्या या संघटनेच्या तिजोरीत सदस्य देशांची ठरलेली वर्गणी आजवर एकूण पैशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होती. बाकीचा पैसा ऐच्छिक, आणि त्यातला बराचसा देणाऱ्याने कशासाठी वापरायचा ते आधीच लिहून दिलेला. ही वर्गणी २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर न्यावी, असे सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवले आणि मे २०२५ मध्ये तिच्यात २० टक्के वाढही मंजूर केली. तरीसुद्धा २०२६-२७ या दोन वर्षांसाठीचा ५.३ अब्ज डॉलरचा प्रस्ताव ४.२ अब्जांवर आणावा लागला. कात्री लागते तेव्हा ती आधी कुठे चालते, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. ज्या खर्चाचा लाभ आज खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या रूपाने दाखवता येत नाही, तो पहिला जातो. आरोग्य ही एकट्या आरोग्य खात्याची बाब नसून कर, शिक्षण, अन्न, घरे या सगळ्यांशी तिचा संबंध आहे, असे सांगणाऱ्या ओटावा सनदेला, म्हणजे कॅनडातील ओटावा इथल्या आरोग्य संवर्धन परिषदेत स्वीकारलेल्या जाहीरनाम्याला, नोव्हेंबर २०२६ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण होतात. पण पैशाच्या बाबतीत संवर्धनाचे पान अजून पंगतीच्या शेवटीच मांडले जाते.

मग या सहकार्यातून मिळाले काय? माझ्या मते, नियम मिळाले आणि ते टिकवण्याचे बळ मिळाले. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००३ मध्ये स्वीकारला गेला, भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि २००५ मध्ये तो अमलात आला. आपल्याकडील सिगारेट-तंबाखूच्या पाकिटांचा ८५ टक्के भाग २०१६ पासून चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला आहे, त्यामागे हा करार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम २०१७ मध्ये रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून तो आज दिसतो.

उरुग्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. या देशाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथले अध्यक्ष ताबारे वाझ्केझ स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. त्यांच्या सरकारने पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यासाठी राखला आणि एका नावाखाली एकाच प्रकारची सिगारेट विकता येईल असा नियम केला. त्यावर फिलिप मॉरिस कंपनीने २०१० मध्ये गुंतवणूक कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादापुढे दावा लावला. असा दावा वर्षानुवर्षे लढवण्याचा खर्च छोट्या देशाला पेलणारा नसतो, आणि दावा लावणाऱ्यालाही ते ठाऊक असते. उरुग्वेच्या पाठीशी ब्लूमबर्ग प्रतिष्ठान या अमेरिकी धर्मादाय संस्थेचा पैसा उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटनेने लेखी म्हणणे मांडून त्या नियमांमागचा पुरावा दिला, आणि जुलै २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागून खर्चापोटी ७० लाख डॉलर कंपनीलाच भरावे लागले. प्रतिष्ठानच्या या पैशातून एकही दवाखाना उभा राहिला नाही. एक नियम मात्र शाबूत राहिला, आणि तसलाच नियम करू पाहणाऱ्या इतर देशांची भीती मोडली. मदतीच्या रकमांची बेरीज करणाऱ्यांच्या खातेवहीत ही नोंद सापडणार नाही.

महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, हा २०१६-१७ चा आकडाही याच सहकार्याचे फळ आहे. सर्वेक्षण केले देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने; पण प्रश्नावली आणि पद्धत जगभर एकच ठेवलेली, म्हणून आपली तुलना बांगलादेशाशी किंवा थायलंडशी करता येते.

आता जिनिव्हातून खाली उतरून ठाणे स्थानकाबाहेरची कुठलीही टपरी पाहावी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर पुड्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी लटकत असतात, एक पानमसाल्याची, दुसरी तंबाखूची. गिऱ्हाईक दोन्हींतली एकेक पुडी तोडतो, दाताने कोपरा फाडतो, एकीतला ऐवज दुसरीत ओततो, चिमटीत धरून हलवतो आणि तोंडात टाकून कामाला लागतो. बंदी असलेला पदार्थ तिथल्या तिथे तयार होतो, आणि विकणारा म्हणतो की मी गुटखा विकलाच नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा सांगतो; मोडला तर दंड जास्तीत जास्त २०० रुपये. हा दंड करायला माणूस हवा, त्याला पगार हवा, शाळेत आणि नाक्यावर पुन्हा पुन्हा जाऊन बोलणारी आशा सेविका हवी आणि तिला त्या कामाचा मोबदला हवा. कराराचे कलम नाक्यापर्यंत आणून सोडणारा पैसा परदेशातून येणार नाही, आणि येऊही नये असे मला वाटते.

तो कुठून यावा याचे उत्तर थायलंडने २००१ मध्ये दिले आहे. तिथे दारू आणि तंबाखूच्या उत्पादकांकडून व आयातदारांकडून अबकारी कराच्या वर दोन टक्के अधिभार घेतला जातो आणि तो थेट आरोग्य संवर्धन निधीत जमा होतो. या निधीच्या मंडळाचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे असते, पण रक्कम दरवर्षी अर्थ खात्याच्या मर्जीवर अवलंबून नसते. ही कल्पनाही थायलंडची स्वतःची नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९८७ मध्येच तंबाखूवरील करातून असे प्रतिष्ठान उभे केले होते, आणि थायलंडच्या लोकांनी ते पाहून आपल्याकडे आणले. मलेशियाने २००६ मध्ये मंडळ स्थापले, पण त्याला स्वतःचा कर न देता वार्षिक सरकारी अनुदानावर ठेवले; २०१९ मध्ये कायदा करून ते गुंडाळलेही. मंडळापेक्षा त्याच्या जमेची बाजू महत्त्वाची, हे यातून दिसते.

आपल्याकडे उपकरांची वाण नाही. प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आपण भरतोच. त्यातील आरोग्याच्या वाट्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी नावाचा, वर्षअखेर रद्द न होणारा निधी केला, हे पाऊल योग्यच होते. पण तो आयुष्मान भारत, राष्ट्रीय आरोग्य अभियान अशा मोठ्या योजनांसाठी आहे, आणि त्यांत प्रबोधनाचा व प्रतिबंधाचा वाटा वेगळा काढून दाखवलेला नाही. पानमसाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या उपकराच्या नावात तर आरोग्य सुरक्षा आणि राष्ट्रीय सुरक्षा दोन्ही आहेत. लेखापालाला असे जोडनाव पाहिले की धडकी भरते, कारण कोणत्या कामाला किती जाणार ते नावावरून कळत नाही. त्यातच जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये तंबाखू, मद्य आणि गोड पेये यांच्या किमती २०३५ पर्यंत किमान ५० टक्क्यांनी वाढवण्याचे आवाहन केले असताना, आपल्या जीएसटी परिषदेने दोनच महिन्यांनी बिडीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. विडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही, पण त्याचे उत्तर कामगारांना थेट आधार देऊन शोधता आले असते. ओढणाऱ्यांत कष्टकरीच अधिक आहेत.

दिल्लीने काय करावे हे दिल्ली ठरवील. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना मात्र कुणाची वाट पाहायची गरज नाही. बऱ्याच वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर दोन्हीकडे लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. त्यांनी अंदाजपत्रकात आरोग्य संवर्धन या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, उघडावे. इमारती, यंत्रसामग्री, औषधे यांचा एक रुपयाही त्यात टाकू नये आणि वर्षअखेरीस झालेला खर्च बाबनिहाय छापावा. होर्डिंगच्या परवाना शुल्काचा ठरावीक हिस्सा या शीर्षात वळता करावा. परिवहन उपक्रमांच्या बसगाड्यांवरील जाहिरातींच्या करारांत पानमसाला आणि त्याच्याच नावाखाली आडून जाहिरात होणारी वेलची, दोन्ही वर्ज्य असल्याची अट घालावी. इमारतींना माझा विरोध नाही. खारघरला टाटा स्मारकाचे केंद्र आहे याचा आधार या भागातील कित्येक कुटुंबांना वाटतो. पण तिथल्या रांगेत जाणाऱ्यांची संख्या कमी करण्याचे काम त्या केंद्राचे नाही.

शेवटचा मुद्दा परवान्याचा. तंबाखू विकणाऱ्यांना महापालिकेची स्वतंत्र परवानगी घ्यायला लावावी आणि त्याच दुकानात बिस्किटे, वेफर, शीतपेये विकू देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहून कळवले आहे. मुले टपरीवर जातात ती वेफरसाठी, आणि माळा त्यांच्या डोळ्यांसमोर लटकत असतात. त्या पत्रावर आपल्या दोन्ही महापालिकांत काय कार्यवाही झाली, हा प्रश्न एखाद्या नगरसेवकाने येत्या सर्वसाधारण सभेत लेखी विचारावा, आणि आलेले उत्तर आपल्या दैनिकाने जसेच्या तसे छापावे, एवढी विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापाल, नौपाडा, ठाणे