फिलिप्स स्ट्रीटवरचं 66 नंबरचं घर

प्रिय सुमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी चढावर होते, धाप लागलेली, म्हणून धड बोलले नाही, आता निवांत लिहिते. बॉस्टनमधे बीकन हिल म्हणून जुना भाग आहे, लाल विटांची घरं, बोळासारखे अरुंद रस्ते, तिथे फिलिप्स स्ट्रीटवर 66 नंबरचं घर आहे. आत जाता येत नाही, लोक राहतात, पण मी समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभी होते गं.

तिथे हॅरिएट हेडन राहायची. गुलामीतून पळून आलेल्यांना आसरा देणारं घर. जिथे वाचावं तिथे तिच्या नवऱ्याचं, लुईसचं नाव, आणि ही आपली "व पत्नी". मला त्याचा फार राग येतो. तो मोठा माणूस होताच, पण रात्री-अपरात्री दार वाजलं की उठायचं, पाणी तापवायचं, जेवायला घालायचं, अंथरुणं काढायची, हे कोण करत असणार? 1853 मधे 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामीवरची कादंबरी लिहिणारी हॅरिएट बीचर स्टोव त्यांच्याकडे गेली तेव्हा नुकतीच पळून आलेली 13 माणसं घरात होती. तेरा! तुमच्याकडे गावची चार पोरं शिकायला होती तर काकूंची पाठ कधी टेकली नाही, आठवतंय ना? आणि इथे तर 1850 चा कायदा होता, आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

आणि ती स्वतः तशीच पळून आलेली. 1844, केंटकीतलं लेक्सिंग्टन. नवराबायकोने गोरं दिसावं म्हणून तोंडाला पीठ फासलं आणि पोराला, जोसेफला, घोडागाडीच्या सीटखाली लपवलं. मी त्या पोराचाच विचार करत राहिले, श्वास कसा दाबून धरला असेल त्याने. ज्या दोघांनी गाडीतून पोचवलं, डेलिया वेबस्टर आणि कॅल्विन फेअरबँक, ते पकडले गेले, दोघांनाही तुरुंग झाला.

मग क्राफ्ट जोडपं. एलेन रंगाने उजळ, म्हणून ती आजारी गोरा मालक झाली, लिहिता येत नव्हतं म्हणून उजवा हात झोळीत बांधला, नवरा विल्यम तिचा नोकर, आणि अशी ती दोघं 1848 मधे जॉर्जियाहून ट्रेनने, बोटीने निघून आली. 1850 मधे त्यांना पकडायला माणसं बॉस्टनला आली तेव्हा विल्यम हेडनांच्या घरात होता. लुईसने बंदुकीच्या दारूची पिंपं आणून ठेवली, आत शिरलात तर पेटवून देईन म्हणाला. सगळे हे सांगतात. पण त्या पिंपांच्या घरात हॅरिएट चूल पेटवत होती, हे कुणी सांगत नाही.

सीटखाली लपवलेला तो जोसेफ पुढे यादवी युद्धात नौदलात होता, त्यातच गेला. नवरा 1889 मधे. ही 1893 मधे गेली आणि मागे राहिलेलं सगळं, सुमारे पाच हजार डॉलर, हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजला, काळ्या विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपसाठी. याच कॉलेजने 1850 मधे तीन काळ्या विद्यार्थ्यांना घेतलं होतं आणि गोऱ्या पोरांनी आरडाओरडा केल्यावर काढून टाकलं होतं.

तुझी लेक नीटची तयारी करतेय ना, तिला हे वाचून दाखव. उन्हाळ्यात आलात की आपण तिघी तो चढ चढू, मला मात्र मधे एकदा बसावं लागेल.

तुझी,
मंगल