फुल्यांचे कागद

राजा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तुझे ड्रॉइंगचे सर रोज तोच पितळी तांब्या मांडतात, तू काढलास की लाल पेनने फुली मारून पुढे जातात, आणि आता तुला हे सोडून ॲनिमेशन करायचंय. कर की, मी अडवत नाहीये. काल मी पण देवघरातला तांब्या समोर ठेवून बसले, तोंडाचा लंबगोल काही केल्या जमेना, एकीकडे कलतोच मेला, शेवटी कुकरची शिट्टी झाली म्हणून सुटले.

आपण कान्हाला गेलेलो आठवतं? चित्रकार रझा त्याच मुलखातला, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, जन्म १९२२चा, वडील जंगल खात्यात. शाळेत पोराचं लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढला आणि म्हणाले, बघत बस याच्याकडे. तोच पुढे त्याच्या चित्रांतला तो प्रसिद्ध काळा गोल, बिंदू, पण चित्रात तो ठाण मांडून बसला कधी, तर पन्नाशी उलटल्यावर! मधे मग आपलं नागपूरचं आर्ट स्कूल, जेजे, पोटासाठी छपाईच्या ब्लॉक स्टुडिओत नोकरी, सगळं झालं. १९४७ला हुसेन, सूझा वगैरेंबरोबर चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. आणि लगेच १९४८ला काश्मीरमधे कार्तिए-ब्रेसाँ भेटला, तो फोटोग्राफर, त्याने तोंडावर सांगितलं की टॅलेंट आहे तुझ्यात पण चित्राला बांधणी नाही, घराला कसा पाया लागतो, भिंती लागतात तसं चित्राचं, जा, त्या फ्रेंच सेझानची चित्रं बघ. दुसरा कोणी असता तर फुगून बसला असता (तू तर नक्कीच, बाबांवर गेलायस). रझा फ्रेंच शिकायला लागला आणि १९५०ला स्कॉलरशिपवर थेट पॅरिस.

पण खरं सांगू, तुझे सर मला पटले नाहीत. त्या फोटोग्राफरने निदान काय कमी आहे ते तरी सांगितलं, नुसती फुली मारायला काय लागतं? उद्या उठून विचार त्यांना, सर नेमकं कुठे चुकलं. ओरडले तर ओरडले. ते काय सांगतात ते ऐक आणि मग ॲनिमेशनचं ठरवू.

रझाचं १९८१चं एक चित्र आहे, 'माँ'. पॅरिसमधे राहून त्यात हिंदी कवितेची ओळ लिहिलीय, मुलगा आईला विचारतो की परत येताना काय आणू. तू पण दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी काही नको म्हणते. ह्या दिवाळीला फुल्या मारलेले सगळे कागद घेऊन ये, टाकू नकोस. तुझा लंबगोल कुठे कलतो ते बघायचंय मला.

आई