गजा, मोटरीवर तू जे पाह्यलं ते

गजा लेका,

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट आहे. बैल धुऊन झाले होते, आपण दोघं मोटरीच्या पाण्याखाली आंघोळीले बसलो, मी बनियान काढली अन् तुही नजर माह्या पोटावर गेली, तिथंच अडकली, मंग तू घाईनं मान वर केली अन् म्हणला, "यंदा सोयाबीन चांगलं दिसते बे." सोयाबीन तुह्या पाठीमागं होतं लेका. माह्या मागं तर तूर होती. तू विचारलं नाही, मी सांगितलं नाही, टॉवेल गुंडाळला अन् बैलायच्या शिंगायले रंग लावाले निघून गेलो. पण संध्याकाळी तोरणाखाली उभं असताना बी तू दोनदा माह्या शर्टाकडं पाह्यलं ते मले दिसलं.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधातच मस्करी करतं अन् मी बी हसून विषय सोडून देतो. म्हणून लिहून पाठवतो, निवांत वाच, लांब आहे.

तर पोटावरचा तो उंचवटा कॅन्सर-फिन्सर काही नाही. अन् हर्निया बी नाही, हर्नियाचं मी तुले खोटं सांगितलं होतं. २०१५ च्या उन्हाळ्यात नागपूरले जे ऑपरेशन झालं ते वजनाचं होतं. तुले आठवत असन, तेव्हा घरातल्या वजनकाट्यावर उभं राह्यलं की काटा फिरून पलीकडं जाऊन बसे, शेवटी मी कापसाच्या काट्यावर उभा राहून वजन केलं होतं, खरेदी बंद झाल्यावर, कोणी नाही पाहून. १३१ किलो. कापसाच्या काट्यावर आपण स्वतः चढायचं, ते बी लपून, याच्यापेक्षा वाईट काय असते सांग. शुगर निघाली होती, गुडघे गेले होते, वावरात बांध चढाले दम लागे. सकाळी चालणं, उपास, गरम पाण्यात लिंबू, कोणी सांगितलेल्या पुड्या, सगळं करून झालं होतं, पाच किलो उतरे अन् लग्नसराईत सात चढे.

नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं बँड बसवू. म्हणजे पोटाच्या वरच्या भागाले सिलिकॉनचा एक पट्टा गुंडाळते, आतून फुग्यासारखा असते तो. पोट कापत नाही, काढत नाही, फक्त आवळते. पट्ट्याच्या वर लहानसा कप्पा उरते, चार घासात भरते, भूक बी लवकर मरते. त्या पट्ट्यातून एक बारीक नळी निघते अन् ती येऊन कातड्याखाली एका चकतीले जोडलेली असते, तिले पोर्ट म्हणते. त्या पोर्टमधी सुई घालून सलाईनचं पाणी भरलं की पट्टा आवळते, काढलं की सैल होते. ट्यूबमधी हवा भरते तसंच, फक्त हवेऐवजी पाणी.

तू मोटरीवर पाह्यलं ते म्हणजे ती चकती. कॅरमच्या दोन सोंगट्या एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईन तेवढी आहे, बेंबीच्या वर डाव्या अंगाले, आतल्या स्नायूच्या पडद्याले टाके घालून बसवलेली. हात फिरवला तर कडा लागते, मधात जरासं नरम लागते, तिथंच सुई जाते. बाजूले बोट नेलं तर कधी कधी नळी बी लागते, दोरीसारखी. पहिल्यांदा लागली तेव्हा मी रात्री दोन वाजता उठून बसलो होतो अन् तुह्या वहिनीले हात लावून पाहाले लावलं, ती म्हणे, "झोपा आता, तुमचीच वायरिंग आहे."

यातली खरी गंमत सांगतो. ऑपरेशननंतर सहा आठवड्यानं पहिल्यांदा पाणी भराले गेलो तर ही चकती सापडेच ना. एवढी चरबी होती वर. डॉक्टर दाबून पाहे, सिस्टर दाबून पाहे, मले डोकं उचलून पोट कडक कराले लावलं, तरी नाही. शेवटी एक्सरेच्या टेबलावर नेऊन, पडद्यावर पाहून पाहून सुई टाकली. तेव्हा मले वाटलं, हे कुठं गायबच झालं का काय. आता वजन ८४ आहे, दोन वर्षांपासून तिथंच थांबलं आहे. सत्तेचाळीस किलो उतरले म्हणजे युरियाची एक अख्खी बॅग अंगावरून उतरली अन् वर दोन किलो. वरची चरबी गेली अन् खालून ही चकती वर आली, उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की दगड दिसाले लागते तसं. आता डॉक्टरले शोधावं लागत नाही, शर्ट वर केला की समोर. तो तर खुश होते, "दिसतोय ना, म्हणजे बँडनं काम केलं," म्हणते. त्याचं बरोबर आहे. पण बनियानवर ओट्यावर बसाचं मले आहे, त्याले नाही.

अन् हेच तुले सांगाचं होतं. १३१ किलोचा होतो तेव्हा सगळे पाहे, पण कोणी टक लावून नाही पाहे. आता बारीक झालो तर एका सोंगटीसाठी शर्ट इन करणं सोडलं. टी-शर्ट घातला की डाव्या बाजूले उंचवटा दिसते, खिशात काही ठेवलं आहे असं वाटते, एका पाहुण्यानं तर विचारलं बी, "तमाखूची डब्बी तिकडं काहून ठेवता?" मी लहान भावाच्या लग्नात कडक उन्हात जाकीट घालून फिरलो, लोकायले वाटलं मानपानासाठी. वरातीत नाचलो नाही. उताणंच झोपतो, पालथं झोपलं की टोचते. कापूस वेचाले वावरात गेलो तर कापूस भराच्या ओटीची गाठ बरोबर चकतीवरच येते, मंग आता गाठ उजवीकडं मारतो अन् मधात रुमालाची घडी ठेवतो. खताची बॅग पोटाले लावून उचलणं बंद केलं, एकदा कोपरा असा लागला की डोळ्यापुढं काजवे चमकले, आठ दिवस धाकधूक होती की चकती उलटी तर नाही झाली. तसं होते म्हणे कधी कधी, टाके सुटून पोर्ट पालथा पडते, मंग सुई जात नाही अन् पुन्हा उघडून सरळ करावा लागते. माहा नव्हता झाला, तपासून आलो.

माहा पुतण्या, तीन वर्षांचं पोट्टं, त्याले एक दिवस अंगावर घेतलं तर त्याले ते सापडलं, अन् तो दाबून म्हणे, "टिंगटाँग." आता घरात आला की पहिलं तेच. सगळ्यायसमोर. पहिल्यांदा मले राग आला होता, खरं सांगतो, त्याले खाली ठेवून दिलं मी. तो रडला.

गावाचं काय सांगू. अर्ध्या गावाचं म्हणणं चरबीची गाठ आहे, अर्ध्याचं म्हणणं याले "मोठा आजार" आहे म्हणून हा वाळत चालला. काकूनं तर हळद-चुन्याचा लेप आणला होता वाटीत, मायेनं आणला होता म्हणून मी लावून बी घेतला, काय करता. पण एक प्रकार वाईट झाला तो कोणाले सांगितला नाही. ताप आला म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरनं पोट तपासताना हे पाह्यलं अन् म्हणे गाठीत पाणी वाटते, सुई टाकून काढून पाहू, अन् खरंच सिरिंज घेऊन आला की रे. मले हर्नियाचं खोटं तिथं बी सांगता येईना. म्हटलं, थांबा साहेब, हे मशीनचं आहे. त्या पोर्टले साधी सुई चालत नाही, त्याची वेगळी सुई असते, ह्यूबर म्हणते तिले, तिचं टोक असं वळवलेलं असते की सिलिकॉनचा तुकडा कापून निघत नाही, भोक आपोआप बुजते. साध्या सुईनं भोक राह्यलं असतं अन् सगळं पाणी गळून गेलं असतं, वरून इन्फेक्शन. आर्णीहून नागपूर काय जवळ आहे? त्या दिवसापासून बँडचं कार्ड पाकिटात, आधारच्या मागंच ठेवतो. अन् ताप साध्या व्हायरलचा निघाला.

तू म्हणशीन काढून टाक मंग. विचारलं मी. डॉक्टर म्हणे दोन रस्ते आहेत. हा पोर्ट काढून चपटा पोर्ट टाकता येते, किंवा जागा बदलून जरा खोल शिवता येते, लहान काम आहे, वजन थांबल्यावरच करते कारण आधी केलं तर अजून बारीक झालं की पुन्हा वर येते. मी महिनाभर विचार केला. पण पुन्हा चीर म्हणजे पुन्हा इन्फेक्शनची भीती, अन् पोर्टमधी इन्फेक्शन शिरलं तर पोर्टच काढावा लागू शकते, कधी ते नळीवाटे बँडपर्यंत बी जाते. तो म्हणे दुखत नसन, लाल नसन, गरम लागत नसन, पू नसन तर नुसतं दिसते म्हणून घाई नको. दुखत तर नाही. लाजेसाठी पोट उघडाचं का? मले नाही पटलं. कोणाले पटत असन तर त्यानं करावं, त्यात काही चूक नाही, बायायले तर साडीत अजून जास्त दिसत असन, त्यायची गोष्ट वेगळी. अन् तसं बी आता नवे लोक बँड बसवत नाही फारसे, स्लीव्हच करते, त्यात पोटाचा मोठा भाग कापूनच टाकते, मंग ना चकती ना नळी. आम्ही चकतीवाले जुन्या मॉडेलचे झालो.

मंग केलं काय? सांगाले सुरुवात केली, बस. पहिले न्हाव्याले सांगितलं, कारण त्याले सांगितलं की गावाले वेगळं सांगावं लागत नाही. दोन दिवसात सगळ्यायले माहीत झालं. काही जण म्हणाले, पैसे देऊन बारीक झाला, त्यात काय मोठेपणा. ते ऐकाले लागलं तेव्हा पोटात कालवलं, कारण इतकी वर्षं हर्निया-हर्निया करत होतो ते याच वाक्याच्या भीतीनं. पण एकदा ऐकलं तर झालं बाप्पा, दुसऱ्यांदा तेवढं नाही लागत. त्यायले काय माहीत, पट्टा नुसता आवळते, भाकर तर मलेच चावा लागते. कोरड्या भाकरीचा घास मोठा गेला की छातीत दगड अडकल्यासारखा होते, तोंडाले लाळ सुटते, उठून मोरीवर जाऊन उभं राहा लागते. मटणाचा तुकडा बारीक नखाएवढा करून खातो. जेवताना पाणी नाही. पंगतीत वाढपी म्हणते, "एवढंच?" अन् मी म्हणतो, एवढंच. गोड मात्र सरसर उतरते, आइस्क्रीमले बँड थांबवत नाही, ती चोरी मी केली आहे, एका उन्हाळ्यात चार किलो चढलो होतो.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली मागच्या सोमवारी, पहिला वेचा चालू आहे. वेचाले आलेल्या बायायपैकी एकीनं, म्हातारी आहे, तिनं ओटीची गाठ उजवीकडं पाहून विचारलं, "काहून रे बाबू, उलटी काहून बांधली?" मी शर्ट वर करून दाखवलं. ती जवळ आली, चष्मा नाही तिले, बोटानं चाचपून पाह्यलं अन् म्हणे, "माह्या बी खांद्यात रॉड हाय." अन् पुढच्या ओळीले लागली. एवढंच. मी तिथंच उभा राह्यलो, कापूस हातातच.

तर आता तुह्यासाठी. पुसच्या महिन्यात वावरात रोडगे करू म्हणतो, वांगे घरचेच आहेत, गोवऱ्या रचून ठेवल्या आहेत. मी एक चतकोर खाईन, तो बी वरणात भिजवून, माह्या वाटचे बाकीचे तुले. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघजो, यवतमाळले उतरून फोन कर, मी घ्याले येतो. मोटरीवरच आंघोळ करू, पाणी तेव्हा गरम राह्यते. अन् या वेळी सोयाबीनचं विचारू नको, ते तर निघून बी गेलं. हात लावून पाहाचं असन तर लावजो. टिंगटाँग म्हटलं तर मात्र मोटरीच्या पाण्यात ढकलीन.

तुहा,
बंडू